‘चष्मा विसरले’ म्हणणाऱ्या बाईला काय शिकवू?

पत्र थोडक्यात असं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पत्रलेखिका चौतीस वर्षांची, मूळची सांगलीची. पुण्यात इंजिनिअरिंग करता करता हौसेने स्पॅनिशच्या तीन परीक्षा दिल्या. लग्नानंतर टेक्ससमध्ये, डॅलसजवळच्या एका उपनगरात आली. व्हिसामुळे नोकरी करता येत नाही. घराजवळच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी प्रौढांसाठी इंग्रजीचा मोफत वर्ग भरतो, तिथे सप्टेंबरपासून ती शिकवते. वर्गात अकरा जण, सगळे स्पॅनिश बोलणारे. हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्या बायका, छपरं घालणारे पुरुष, भांडी घासणारा एक जण.

जानेवारीत तिच्या लक्षात आलं की चौपन्न वर्षांची एक बाई दरवेळी कागद हातात आला की घडी घालते आणि म्हणते, ‘से मे ओल्विदारोन लोस लेंतेस’, म्हणजे चष्मा विसरले. तिने हळूच स्पॅनिशमधला मजकूर पुढे ठेवून पाहिला, तोही वाचता आला नाही. मग लक्ष ठेवलं, तर असे आणखी तिघं निघाले. मागे बसणारा ग्वातेमालाचा एक तरुण तर काहीच बोलत नाही, ‘त्याला जरा कमीच समजतं, असं वाटतं’.

ती विचारते: इंग्रजी बाजूला ठेवून आधी यांना स्पॅनिश वाचायला शिकवू का? वर्ग चालवणाऱ्या बाई म्हणतात, देणग्या इंग्रजीसाठी मिळतात आणि लोकांनाही इंग्रजीच हवंय. नवरा म्हणतो, ‘स्पॅनिश लोकांना स्पॅनिश शिकवणारी तू कोण?’ त्यात अकरांपैकी चार जण न सांगता यायचे बंद झालेत. ‘यांना शिकायचंच नाही का? मी वेळ वाया घालवतेय का? महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर वर्गाचा फोटो टाकला, सगळ्यांनी कौतुक केलं, तेवढाच काय तो आनंदाचा दिवस. बाकी इथे मी कुणीच नाही.’

प्रिय सांगलीकर,

‘मावशी, अहो-जाहो करू नका’ असं लिहिलंयस, म्हणून सरळ अगंतुगंवर येते.

आधी एक काम कर आणि मगच पुढचं वाच. ग्रुपवरचा तो फोटो काढून टाक. तुझा हेतू वाईट नव्हता, हे मला कळतं. पण त्या वर्गात कुणाचे कागदपत्र कसे आहेत ते तुला ठाऊक नाही आणि ठाऊक असूही नये. कुणाच्या मालकाला, कुणाच्या नवऱ्याला, कुणाच्या शाळकरी मुलाला माहीत नसेल की आपलं माणूस अजून अक्षरं गिरवतंय. दोनशे माणसांच्या ग्रुपवरचा फोटो पाहता पाहता कुठेही पोचतो. त्या चौपन्न वर्षांच्या बाईने इतकी वर्षं जे लपवलं, ते आपण मंडळाच्या पोह्यांच्या फोटोशेजारी लावून ठेवलं. वर्गात हळू आवाजात एवढंच सांग की फोटो टाकला होता, चुकलं, काढला. तिथेही यापुढे कॅमेरा नको.

आता चष्मा.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी आपल्याकडे राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. दोन वर्षांनी, एकवीस वर्षांची असताना, मी पाटण तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळात रात्रीचा वर्ग घेत होते. कंदील, पाट्या, आणि भाकऱ्या उरकून आलेल्या चौदा बायका. पाटी हातात दिली की एक म्हणायची, ‘डोळ्यांत कायतरी गेलंय.’ दुसरी म्हणायची, ‘हात शेणाचे हायेत, तुमीच वाचा की बाई.’ कंदिलावर तर सगळ्यांचाच राग. पुढे तीस वर्षांनी इकडे शिकागोजवळ ऑरोरात राहायला आले. तेच ते बालाजीच्या देवळाचं ऑरोरा, पण तिथे मेक्सिकन वस्तीही मोठी आहे. लायब्ररीतल्या स्पॅनिश वाचनाच्या वर्गात मदत करू लागले, तर पहिल्याच संध्याकाळी एक आजोबा म्हणाले, ‘से मे ओल्विदारोन लोस लेंतेस.’ मला हसू फुटलं आणि त्याच वेळी पाटणची आठवण येऊन डोळेही भरले.

पण मी इथेच फसले. मी ठरवूनच टाकलं की ही सबब आहे. दोन महिने त्या आजोबांना ‘सा से सी सो सू’ गिरवायला लावलं. एक दिवस त्यांची नात आली, तिने स्वतःचा चष्मा सहज त्यांच्या नाकावर ठेवला, आणि आजोबांनी भिंतीवरची सूचना खडखडीत वाचून दाखवली. गावी सहा इयत्ता शिकलेला माणूस. त्यांना खरोखरच दिसत नव्हतं, आणि चष्म्याला पैसे नाहीत हे सांगायची लाज वाटत होती.

तेव्हापासून आमच्या वर्गात टेबलावर एक बुटांचा खोका असतो. त्यात डॉलर स्टोअरमधले वाचायचे चष्मे, दीड नंबरपासून तीनपर्यंत. कुणी विचारत नाही, कुणी देत नाही. ज्याला हवा तो उचलतो. चष्मा चढवूनही ज्याची नजर कागदावर नुसतीच फिरते, ते आपोआप कळतं, आणि चारचौघांत ‘तुम्हाला वाचता येतं का?’ हा प्रश्न विचारावा लागत नाही. तो प्रश्न कधीच विचारू नकोस. शाळा किती झाली, हे विचारायचं असेल तर सगळ्यांनाच, एकेकट्याला, आणि फॉर्म तूच भर. पेनऐवजी पेन्सिली ठेव, खोडता येतं म्हणजे निम्मी भीती जाते.

आता तुझा मुख्य प्रश्न. इंग्रजी की स्पॅनिश? ‘बाजूला ठेवून’ हा शब्द तू वापरलास, तो मला खटकला. तुझ्या डोक्यात ही दोन्ही एकाच रांगेत उभी आहेत, एक पुढे गेल्याशिवाय दुसरीला जागा नाही. प्रत्यक्षात तुझ्या वर्गात दोन वेगळी कामं एकत्र कालवली गेली आहेत. इंग्रजी बोलायला शिकणं हे एक काम. काळ्या खुणांतून आवाज उठतो हे उमगणं, म्हणजे वाचायला शिकणं, हे दुसरं. दुसरं काम माणूस आयुष्यात एकदाच करतो. तू आणि मी ते मराठीत केलं, मग इंग्रजीला आणि स्पॅनिशला नुसती लिपी आणि नियम बदलले. त्या बाईने ते कुठल्याच भाषेत केलेलं नाही. तिला तू ते इंग्रजीत करायला लावतेयस, म्हणजे जे शब्द तिच्या कानात अजून बसलेच नाहीत त्यांचे तुकडे पाडायला सांगतेयस.

तुकडे पाडणं ही गोष्ट आपल्याला वाटते तशी उपजत नसते. १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ जोझे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधल्या कधीच शाळेत न गेलेल्या प्रौढांना एक साधं काम दिलं: शब्दाचा पहिला आवाज काढून उरलेलं म्हणा, किंवा पुढे एक आवाज जोडून म्हणा. बहुतेकांना ते जमेना. त्याच भागातले, त्याच थरातले, पण मोठेपणी वाचायला शिकलेले लोक मात्र ते बऱ्यापैकी करू शकले. म्हणजे आवाज सुटे ऐकू येणं हे बुद्धीवर नव्हे, अक्षरओळखीवर अवलंबून होतं. हे मी सांगतेय कारण तुझ्या पत्रात ‘कमी समजतं’ हा शब्द आलाय.

आणि अक्षरओळखीसाठी स्पॅनिशइतकी सोयीची भाषा शोधून सापडायची नाही. पाच स्वर, पाचही नेहमी तसेच उच्चारायचे. लॅटिन अमेरिकेत मुलांना वाचायला शिकवण्याची जुनी पद्धत तर आपली बाराखडीच आहे: मा मे मी मो मू. पहिलं वाक्य बहुधा ‘मी मामा मे मीमा’, म्हणजे आई माझे लाड करते. (हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी मामाची तक्रार करतंय.) घोटाळे आहेत, नाही असं नाही. ‘ब’ आणि ‘व’ ची अक्षरं दोन पण आवाज एकच, ‘एच’ मुका, ‘स’ ला तीन अक्षरं. पण ते आपल्या ऱ्हस्व-दीर्घाइतकेच; वाचण्याच्या आड येत नाहीत, लिहिताना छळतात. इंग्रजीत पहिल्याच पानावर ‘वन’ आणि ‘टू’ चं स्पेलिंग समजावताना तुझी काय दमछाक झाली असेल, ते तूच आठव.

तेव्हा इंग्रजी थांबवू नकोस. त्या बाईला उद्या सकाळी सुपरवायझरला ‘एकशे बाराचा नळ गळतोय’ हे सांगायचंय, त्यासाठी ती आलीय. बोलण्याचं इंग्रजी सगळ्यांना एकत्र, कागदाशिवाय, चित्रं आणि वस्तू घेऊन शिकव. त्याआधी पाऊण तास, ज्यांना हवं त्यांच्यासाठी, स्पॅनिश वाचन. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा नेमाने येणारी बाई सहा-सात महिन्यांत छोटी वाक्यं वाचू लागायची. नेमाने येणं हीच तर अडचण असते, त्याबद्दल पुढे सांगते.

वाचन सुरू कशाने करायचं? मारुतीच्या देवळात मी सरकारी पुस्तिकेने सुरू केलं होतं: कमळ, गवत. तीन आठवड्यांनी एक बाई यायची बंद झाली. पुढे एसटी स्टँडवर भेटली तेव्हा तिने जे सुनावलं ते मी विसरले नाही. ‘बाई, गवत मला रोज दिसतंय, ते वाचून काय करू? पाटण ल्हिऊन दावा की.’ गाडीची पाटी वाचता येत नसल्याने तिला दरवेळी कुणातरी पुरुषाला विचारावं लागायचं, आणि एकदा एकाने मुद्दाम चुकीच्या गाडीत बसवलं होतं. मी तिथेच तिकिटाच्या मागे ‘पाटण’ लिहिलं. त्यातून पाट निघाला, पाणी निघालं, आणि बाई परत आली.

हे मला तेव्हा अपघाताने कळलं. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी ते १९६३ मध्येच करून दाखवलं होतं. आंजिकोस नावाच्या गावात सुमारे ३०० कामगारांना ४० तासांच्या वर्गांत वाचायला शिकवण्याचा तो प्रयोग. शब्द त्यांच्या रोजच्या कामातले, ‘वीट’ सारखे. शब्दाचे तुकडे, तुकड्यांची बाराखडी, बाराखडीतून नवे शब्द, आणि सोबत त्या विटेबद्दल गप्पा: कोण भाजतो, कोणाच्या घराला लागते. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरे तुरुंगात गेले आणि नंतर चिलेत जाऊन तिथल्या शेतकऱ्यांसाठी स्पॅनिशमधून हेच काम करू लागले.

तुझ्या वर्गात काय करता येईल, बघ. हॉटेलात काम करणाऱ्या बाईच्या हातातून दिवसभर चादरी जातात. चादर म्हणजे ‘साबाना’. फळ्यावर लिही. टाळ्या वाजवत तोडा: सा, बा, ना. प्रत्येकाखाली ओळ मांड: सा से सी सो सू, बा बे बी बो बू, ना ने नी नो नू. मग खडू त्यांच्या हातात दे आणि म्हण, यातून शब्द शोधा. ‘नूबे’ निघेल, म्हणजे ढग. ‘सूबे’, म्हणजे वर चढते. ‘सानो’, निरोगी. ‘बोनो’, बोनस, तो निघाला की हशा पिकतो, कारण तो कधी मिळालेला नसतो. पंधरा अक्षरगट, एक तास, आणि ज्या बाईला ‘मला डोकंच नाही’ असं वाटत होतं तिने स्वतः चार शब्द लिहिलेले असतात. छपरं घालणाऱ्यांसाठी दुसरा शब्द घे. कोणता, ते त्यांनाच विचार.

तुझ्या नवऱ्याचा प्रश्न खवचट असला तरी अगदीच चुकीचा नाही. तू पुण्यात शिकलेली स्पॅनिश बहुधा स्पेनची आहे. स्पेनमध्ये बस ‘पकडायला’ जे क्रियापद सर्रास वापरतात, ते मेक्सिकोत चारचौघांत उच्चारत नाहीत. मी उच्चारलं. वर्गातल्या बायका पदर नसतानाही तोंडाला पदर लावल्यासारख्या हसल्या. राजम्याला मेक्सिकोची बाई ‘फ्रिहोलेस’ म्हणेल, पोर्तो रिकोची ‘आबिच्वेलास’, आणि दोघी आपापल्या जागी बरोबर. त्यामुळे भाषा तू शिकवू नकोस, ती त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा जास्त आहे. तू फक्त अक्षरं दाखव. शब्द अडला तर ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असं विचार आणि ते सांगतील तसं लिही. सगळ्यांना ‘उस्तेद’ म्हण, आपल्या ‘तुम्ही’ सारखं. उच्चाराची काळजी नको, त्यांचे त आणि द आपल्या दाताला लागणाऱ्या त-द च्या जवळचे, इंग्रजी बोलणाऱ्या मदतनिसांपेक्षा तुझी जीभ लवकर वळेल.

आणि एकटी करू नकोस. अकरांपैकी सात जणांना स्पॅनिश वाचता येतं ना? त्यांच्यातली एखादी, गावी नऊ इयत्ता शिकलेली, तुझ्याशेजारी उभी कर. खरं तर तिला पुढे कर आणि तू शेजारी उभी राहा. मेक्सिको सरकारची प्रौढ शिक्षणाची संस्था १९८१ पासून आहे, ‘इनेआ’ म्हणतात. अमेरिकेतल्या मेक्सिकन वकिलातींच्या मदतीने ठिकठिकाणी ‘प्लासा कोमुनितारिया’ नावाचे वर्ग चालतात, तिथे त्यांचीच पुस्तकं वापरतात. पहिल्या पुस्तिकेचं नाव ‘ला पालाब्रा’ असायचं, म्हणजे शब्द. पुढे सहावीपर्यंतचं ‘प्रिमारिया’ आणि नववीपर्यंतचं ‘सेकुंदारिया’ प्रमाणपत्रही मिळतं. डॅलसमध्ये मेक्सिकोची वकिलात आहे. फोन करून दोनच गोष्टी विचार: जवळपास असा वर्ग आहे का, आणि मेक्सिकोबाहेरचे लोक त्यात बसू शकतात का. वर्ग जवळ निघाला तर तुला नवीन काही उभारायचंच नाही, माणसं तिथे पोचवायचीत. ज्यांची पुढे जाण्याची इच्छा आहे त्यांना हेही सांग की इथली शाळेच्या समकक्षतेची जीईडी परीक्षा स्पॅनिशमधूनही देता येते.

आता तो गप्प तरुण. ‘स्पॅनिश लोक’ असं तुझा नवरा म्हणाला आणि तूही तसंच धरून चाललीस. ग्वातेमालात २२ माया भाषा बोलल्या जातात, मेक्सिकोत ६८ आदिवासी भाषांना राष्ट्रीय भाषेचा दर्जा आहे. त्या मुलाची आई कदाचित माम बोलत असेल, किंवा किचे, किंवा कान्होबाल. तसं असेल तर स्पॅनिश ही त्याची बाजाराची भाषा आहे, आणि तू तिच्यातून त्याला तिसरी शिकवतेयस. मेळघाटात घरी कोरकू बोलणाऱ्या पोराच्या हातात पहिलीचं मराठी पुस्तक देऊन ‘याला समजत नाही’ म्हणणारे गुरुजी आपण पाहिलेत. त्यांच्या खुर्चीत आपण कधी जाऊन बसतो ते कळत नाही.

तो आपण होऊन सांगणार नाही. तिकडे अशा भाषांना ‘दियालेक्तो’ म्हणतात, आपल्याकडे नाक मुरडत ‘बोली’ म्हणतात त्या सुरात, आणि ती बोलल्याबद्दल शाळेत मार खाल्लेली माणसं असतात. तू त्याला एकटा गाठून विचार: ‘के इदिओमा आब्लाबा उस्तेद कोन सु मामा?’ आईशी कोणती भाषा बोलायचात? ‘इदिओमा’ हाच शब्द वापर, म्हणजे भाषा. नुसत्या त्या शब्दाने चेहरा बदललेला मी पाहिलाय. वाचायला मात्र त्याला बहुधा स्पॅनिशच लागेल, कारण त्याच्या भोवतीचे कागद स्पॅनिश आणि इंग्रजी आहेत. पण तू सावकाश बोलशील, आणि ‘कमी समजतं’ हे मनातून काढशील.

जे यायचे बंद झाले, त्यांच्याबद्दल. महिना कोणता होता? छपरांची कामं उन्हाळ्यात वाढतात, हॉटेलात पाळ्या बदलतात, मुलाला सांभाळणारी शेजारीण गावी जाते, इमिग्रेशनच्या धाडींच्या बातम्या आल्या की लोक चर्चच्या पार्किंगमध्येही गाडी लावत नाहीत. पाटणला ज्वारीची काढणी लागली की देवळात कंदील आणि मी. तेव्हा मी वरच्या साहेबांना लिहून पाठवलं होतं, ‘शिकणाऱ्यांत गोडी कमी आहे.’ आजही लाज वाटते. त्याच साहेबांना आकडे हवे होते, म्हणून ज्यांना फक्त सही करता येत होती त्यांची नावंही मी नवसाक्षरांच्या यादीत घातली. अंगठ्याच्या जागी सही आली, एवढंच. त्यातल्या एकीने पुढे न वाचताच कागदावर सही केली आणि जमिनीचा तुकडा गमावला. अंगठा असता तर निदान कुणीतरी वाचून तरी दाखवलं असतं.

म्हणून दोन गोष्टी. प्रत्येक संध्याकाळ तेवढ्यापुरती पूर्ण ठेव; ‘मागच्या वेळी आपण पाहिलं’ या वाक्याने सुरू होणारा धडा घेऊ नकोस. ‘साबाना’ आज सुरू, आज संपला. दीड महिन्याने आलेल्या माणसाला खुर्ची तयार दिसली पाहिजे आणि ‘कुठे होतात?’ हा प्रश्न ऐकू येता कामा नये. आणि वर्ग चालवणाऱ्या बाईंना द्यायला आकडे लागतील, तर वेगळे मोज: मध्ये खंड पडूनही कोण परत आलं, कुणी काय वाचलं. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, मुलाच्या शाळेची चिठ्ठी, पगाराच्या स्लिपवरचे तास. देणगी देणाऱ्यांना हे जास्त कळतं. त्या बाईंशी तात्त्विक भांडण घालू नकोस. एक कोपरा, आधीचा पाऊण तास, सहा महिने, एवढंच माग. ‘इंग्रजी वाचनाची पूर्वतयारी’ असं नाव दे. ते खोटंही नाही.

वर्गात सगळ्यांसमोर, कुणाकडेही न बघता, आणखी एक माहिती सांगून टाक. नागरिकत्वाच्या परीक्षेत इंग्रजी लिहिता-वाचता यावं लागतं, पण ग्रीन कार्डवर २० वर्षं काढलेल्या पन्नाशीपुढच्या माणसाला, किंवा १५ वर्षं काढलेल्या पंचावन्नपुढच्याला, इंग्रजीची अट माफ असते. नागरिकशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या भाषेत देता येतात. ज्याला लागू असेल तो कान देईल. कुणाला लागू आहे ते तू शोधू नकोस. पुढचे प्रश्न आले तर वकिलाकडे पाठव, सल्ला देऊ नकोस.

राहता राहिली तू. ‘इथे मी कुणीच नाही’ हे वाक्य पत्राच्या शेवटी, घाईत लिहिल्यासारखं आहे. मीही व्हिसाच्या रांगेतली वर्षं काढली आहेत, ती पोकळी ठाऊक आहे. पण ती पोकळी भरायचं काम त्या अकरा जणांवर टाकू नकोस. ते आले नाहीत की तुला तुझीच किंमत कमी झाल्यासारखी वाटते, आणि मग राग त्यांच्यावर निघतो. गुरुवारच्या वर्गाखेरीज तुझं असं काहीतरी हवं: एखादा कोर्स, एखादी मैत्रीण, नाहीतर नवऱ्याशी एक सरळ भांडण. तो ‘तू कोण?’ असं विचारतो ना, त्याला एकदा वर्गाच्या खुर्च्या मांडायला घेऊन जा.

ती बाई तुला ‘माएस्त्रा’, म्हणजे शिक्षिका, म्हणते आणि तामालेस आणते, हे लिहून पुढे ‘फार अवघडायला होतं’ असं लिहिलंयस. अवघडू नकोस, खा. मक्याच्या पीठात सारण भरून पानात उकडलेलं ते, आपल्या पातोळ्यांची लांबची बहीण. पुढच्या वेळी आपल्या घरचं काहीतरी ने आणि त्याचं नाव फळ्यावर त्यांच्या अक्षरांत लिहायला सांग. ‘शंकरपाळी’ मधला ‘श’ कसा लिहायचा यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झाला होता, कारण त्यांच्या वर्णमालेत तो सहज सापडत नाही. त्या दिवशी फळ्यापाशी मी सोडून सगळे मास्तर होते.

मंगळवारी आधी चष्म्यांचा खोका ने. आणि त्या ग्वातेमालाच्या मुलाने आईची भाषा कोणती सांगितली, ते मला नक्की कळव.

तुझी,
मावशी